कर्बोदके

कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या मूलद्रव्यांपासून बनलेल्या सेंद्रिय संयुगांचा एक मोठा वर्ग. साखर, स्टार्च आणि तंतुमय पदार्थ ही सगळी कर्बोदकेच. त्यांपैकी बहुतेकांत हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे प्रमाण पाण्याप्रमाणे २:१ असते. कर्ब आणि उदक यांची जोड म्हणून ‘कर्बोदक’. रेणूत प्रत्यक्ष पाणी नसते, पण नाव रूढ झाले ते झालेच.

ज्या शर्करेचे आणखी साध्या शर्करांत विघटन होत नाही ती एकशर्करा. ग्लुकोज, फ्रुक्टोज व गॅलॅक्टोज या आहारातल्या मुख्य एकशर्करा. दोन एकशर्करा जोडल्या की द्विशर्करा होते : नेहमीची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी, तर दुधातले लॅक्टोज ही ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची. शेकडो-हजारो एकशर्करांची साखळी ती बहुशर्करा. इथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. चिमूटभर पीठ आणि कापसाचा बोळा शेजारी ठेवले, तर पिठातला स्टार्च आणि कापसातले सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असतात. फरक आहे तो रेणू एकमेकांना जोडणाऱ्या बंधाच्या दिशेत. स्टार्चमधला बंध आपल्या शरीरातली एन्झाइमे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, तोडू शकतात, सेल्युलोजमधला नाही. म्हणून पीठ अन्न ठरते आणि कापूस ठरत नाही.

स्टार्चचे पचन तोंडातच सुरू होते. भाताचा घास न गिळता मिनिटभर चावत राहावे. तो हळूहळू गोडसर लागू लागतो, कारण लाळेतले अमायलेज हे एन्झाइम स्टार्चचे तुकडे करून माल्टोज ही ग्लुकोजच्या जोडीची द्विशर्करा बनवत असते. शिजवण्याचे महत्त्वही इथेच कळते : उष्णता व पाण्याने स्टार्चचे कण फुगतात, त्यांची घट्ट रचना सैल होते आणि एन्झाइमांना आत शिरता येते. उरलेले काम लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याच्या अस्तरातली एन्झाइमे करतात. एकशर्करा मग रक्तात शोषल्या जातात.

पचलेल्या १ ग्रॅम कर्बोदकापासून साधारण ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. रक्तातले ग्लुकोज वाढले की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते आणि जास्तीचे ग्लुकोज यकृत व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवले जाते. प्रौढ माणसाच्या यकृतात हा साठा सुमारे १०० ग्रॅम असतो. एकट्या मेंदूला दिवसाला जवळपास १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, त्यामुळे ही शिदोरी दिवसभराच्या उपवासातच संपत येते. त्यानंतर यकृत प्रथिनांतल्या अमिनो आम्लांपासून ग्लुकोज तयार करते आणि मेंदू हळूहळू चरबीपासून बनणाऱ्या केटोनांवरही भागवायला शिकतो. लाल रक्तपेशींना मात्र ग्लुकोजवाचून पर्याय नाही, कारण ऑक्सिजन वापरून ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका त्यांच्यात नसतात.

न पचणारी कर्बोदके म्हणजेच तंतुमय पदार्थ. त्यांना चोथा म्हणून बाजूला काढणे चूक आहे. त्यांच्यामुळे मल मऊ राहतो, आणि विरघळणारे तंतू पचनाचा वेग कमी करून रक्तातली साखर एकदम चढू देत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांतले बरेच तंतू आंबवून ब्युटिरेटसारखी आम्ले बनवतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच पोसल्या जातात. प्रौढांनी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू घ्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

आहारात कर्बोदके किती असावीत यावर वाद पुष्कळ होतात. ती कोणत्या रूपात येतात हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे. याच संघटनेने २०१५ मध्ये मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवण्यास सांगितले. २,००० किलोकॅलरींच्या आहारात हे प्रमाण ५० ग्रॅम होते. वरून घातलेल्या साखरेबरोबर मध आणि फळांचा रसही यात मोजला जातो. अख्ख्या फळातली साखर मोजली जात नाही : ती पेशींच्या भित्तिकांत कोंडलेली असते, चावावी लागते आणि रसापेक्षा सावकाश रक्तात पोहोचते.