क्रॅब रंगून

क्रॅब रंगून : क्रीम चीज आणि खेकड्याचे मांस यांचे सारण मैद्याच्या पातळ पारीत भरून तळलेला, अमेरिकेतील चिनी उपाहारगृहांत जेवणाआधी मागवला जाणारा पदार्थ. ब्रह्मदेशातल्या रंगूनशी त्याचे नाते बहुधा नावापुरतेच. क्रीम चीज ना चिनी स्वयंपाकातले, ना ब्रह्मी. व्हिक्टर बर्जरॉन यांनी १९३४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला सुरू केलेल्या धंद्यातून पुढे ‘ट्रेडर व्हिक्स’ ही पॉलिनेशियन, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांच्या थाटाची उपाहारगृहे उभी राहिली. १९५०च्या दशकाच्या मध्यास त्यांच्या खाद्ययादीत हा पदार्थ होता.

सारणात लसूण, कांद्याची पात, थोडा वूस्टरशर सॉस (आंबट-खारट इंग्रजी सॉस) आणि मिरपूड घालतात. खऱ्या खेकड्याऐवजी बऱ्याचदा सुरिमीच्या कांड्या वापरतात. सुरिमी म्हणजे धुऊन वाटलेल्या पांढऱ्या माशाचा गोळा. रत्नागिरीची गद्रे मरीन ही कंपनी अशा कांड्या बनवते, त्यामुळे आपल्याकडेही त्या मिळतात. चिंबोऱ्या उकडून मांस काढले तर चव अर्थातच वरचढ, पण कवचाचे तुकडे निवडण्याची चिकाटी हवी.

घरी करताना खरी लढाई पाण्याशी असते. अमेरिकेच्या नियमांनुसार क्रीम चीजमध्ये ५५ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. तळताना त्याची वाफ होते आणि नीट न चिकटलेली कड फोडून सारण तेलात उतरते. म्हणून खेकड्याचे मांस फडक्यात घट्ट पिळून घ्यावे, पात कोरडी करून मगच चिरावी. क्रीम चीजऐवजी चक्का सुचवला जातो, पण गरम झाल्यावर तो पाणी सोडतो. त्या वाटेला न गेलेले बरे.

पारीसाठी मैदा, अंडे, मीठ आणि पाणी यांची घट्ट कणीक भिजवून अर्धा तास झाकून ठेवावी आणि आरपार बोटे दिसतील इतकी पातळ लाटावी. साधारण ९ सेंटिमीटरचे चौकोन कापून ओल्या फडक्याखाली ठेवावेत. एका चौकोनात चमचाभरच सारण. हाव केली की कड मिटत नाही. कडेला पाणी लावून, आतली हवा बोटांनी बाहेर काढत करंजीसारखी कड दाबावी. चारही टोके मध्ये जुळवलेला चांदणीचा आकार देखणा दिसतो, त्याची टोके जास्त कुरकुरीत होतात. मात्र त्याला सांधे चार. नवख्याने त्रिकोणच करावा.

सारण शिजलेलेच असल्याने तळणीत फक्त पारीला रंग यायचा असतो. तेल १७५ ते १८० अंश सेल्सियस असावे. दोन-तीन मिनिटे पुरतात. कढईत गर्दी केली की तेल निवते, पारी तेल पिते आणि चीजला बाहेर पडायला सवड मिळते. तळल्यावर कागदापेक्षा जाळीवर काढणे चांगले, खालची बाजू सादळत नाही. सोबत आंबटगोड सॉस देतात. खेकड्याविना केलेले चीज वॉन्टनही लोकप्रिय आहे; वॉन्टन म्हणजे अशा पातळ पारीत सारण भरलेला चिनी पदार्थ.

कच्चे रंगून ताटात सुटे मांडून फ्रीझरमध्ये गोठवता येतात. ते वितळू न देता थेट मध्यम गरम तेलात सोडावेत.