हृदयाच्या दोन ठोक्यांमधली गोळी

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या) प्रकारात कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर आठवडाभर त्याच्यावर विशेषणांचा पाऊस पडला. पोलादी मनाचा, बर्फासारखा थंड, दडपण ज्याला शिवतच नाही असा. स्वतः स्वप्नील मात्र निराळंच सांगत होता. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, नुसता काळा चहा घेतला होता, छाती धडधडत होती. श्वासावर ताबा ठेवला आणि वेगळं काही करायला गेलो नाही, एवढंच त्याच्या बोलण्याचं सार.

या साध्या सांगण्यात क्रीडा मानसशास्त्र ठासून भरलं आहे. विजेत्याला भीती वाटत नाही, हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज आहे आणि त्यामुळे नुकसान होतं. जिल्हास्तरीय स्पर्धेत हात थरथरला की पोराला वाटतं, आपण मुळातच कच्चे आहोत. प्रत्यक्षात थरथर सगळ्यांचीच होते. प्रश्न असतो, ती गोळीपर्यंत पोचते का हा.

आधी थोडा हिशोब करू. ५० मीटरच्या रायफल लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ आठ मिलिमीटरनं बाहेर. म्हणजे गोळी आठ मिलिमीटर बाजूला गेली की एक गुण गेला. खांद्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेपर्यंतचं अंतर साधारण एक मीटर धरलं, तर नळीचं टोक किती हललं म्हणजे ५० मीटरवर आठ मिलिमीटरचा फरक पडेल? आठ भागिले पन्नास, म्हणजे ०.१६ मिलिमीटर. अंतिम फेरीत गुण दशांशातही मोजतात. स्वप्नीलनं त्या फेरीत ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण मिळवले, म्हणजे गोळीमागे सरासरी १०.२६. इतक्या बारीक कामात सगळ्यात मोठा अडथळा बाहेरच्या वाऱ्याइतकाच शरीराच्या आतही असतो, आणि तो म्हणजे स्वतःचं हृदय.

खुर्चीत पायावर पाय टाकून बसा आणि वरचं पाऊल सैल सोडून त्याकडे बघत राहा. ते हळूच, ठरावीक लयीत वर उडताना दिसेल. गुडघ्यामागच्या रोहिणीतली नाडी सगळा पाय हलवते. हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त महारोहिणीत वर फेकतं. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम इथेही लागू होतो, त्यामुळे रक्त एका दिशेला गेलं की शरीराला उलट दिशेला सूक्ष्म हिसका बसतो. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरताना, दंडाला पट्टा आवळलेला असतो. तो रोहिणीवर दाबून बसला असेल, तर साइटमधून बघताना लक्ष्य नाडीच्या तालावर उड्या मारताना दिसतं. नेमबाजांच्या त्या जाड, कडक जॅकेटचा एक उपयोग हे हिसके मुरवण्यासाठीच असतो.

आता माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे येतो. हृदयाच्या चक्राचे दोन टप्पे असतात. पहिला आकुंचनाचा, ज्यात रक्त बाहेर फेकलं जातं, आणि दुसरा प्रसरणाचा, ज्यात हृदय पुन्हा भरतं. हिसका बसतो तो पहिल्या टप्प्यात. दुसरा त्या मानानं शांत असतो. १९८७ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी नेमबाजांचा हृदयालेख आणि ट्रिगर दाबल्याचा क्षण एकत्र नोंदवला. अनुभवी नेमबाजांच्या गोळ्या प्रसरणाच्या काळात सुटत होत्या, नवख्यांच्या कुठेही. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हे इतकं स्वच्छ दिसलं नाही, हेही सांगायला हवं. पण त्यामागचं भौतिक कारण पक्कं आहे.

ठोके वाढले की या दोन टप्प्यांचं काय होतं? मिनिटाला ७५ ठोके असतील तर एक चक्र ०.८ सेकंदाचं. त्यात आकुंचन साधारण ०.३ आणि प्रसरण ०.५ सेकंद. ठोके १५० झाले की चक्र ०.४ सेकंदावर येतं. आपल्याला वाटेल, दोन्ही टप्पे निम्मे होत असतील. तसं होत नाही. स्नायूला आकुंचन पावायला लागणारा वेळ फारसा दाबता येत नाही, तो ०.२ ते ०.२५ सेकंदाखाली सहसा जात नाही. मग बहुतेक काटछाट प्रसरणाच्या वाट्याला येते आणि अर्ध्या सेकंदाची शांत खिडकी जेमतेम ०.१५ ते ०.२ सेकंदाची उरते. ठोके दुप्पट, पण शांत वेळ जवळपास एक तृतीयांश. घाबरलेल्या नेमबाजाचं नुकसान होतं ते असं. त्यात अॅड्रेनलिन स्नायूंमधली नैसर्गिक थरथरही वाढवतं. बीटा-ब्लॉकर गटातली औषधं हे दोन्ही परिणाम रोखतात, म्हणून नेमबाजीत त्यांच्यावर बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू यानं याच गटातलं प्रोप्रॅनोलॉल घेतल्याचं आढळलं आणि त्याची दोन्ही पदकं काढून घेतली गेली.

औषधाशिवाय ठोक्यांवर ताबा मिळवायचा तर वाट श्वासातून जाते. हृदयाकडे दोन प्रकारच्या नसा जातात. वेग वाढवणाऱ्या नसांचा परिणाम चढायला आणि उतरायला काही सेकंद घेतो. वेग कमी करणारी व्हेगस नस मात्र जवळजवळ पुढच्याच ठोक्याला असर दाखवते. श्वास घेताना तिचा प्रभाव घटतो, सोडताना वाढतो. एक बोट मनगटावर ठेवून सावकाश श्वास सोडा, नाडी किंचित मंदावलेली जाणवेल. नेमबाज श्वास सोडतो, उच्छ्वासानंतरच्या नैसर्गिक विरामात थांबतो आणि त्या काही सेकंदांत ट्रिगर दाबतो. गोळी सुटण्याआधीच्या शेवटच्या काही सेकंदांत मुरलेल्या नेमबाजांचे ठोके खरोखर कमी होतात, हे अनेक प्रयोगशाळांत दिसलं आहे.

यात श्वासाइतकाच वाटा लक्षाचा आहे. जॉन आणि बिअॅट्रिस लेसी या अमेरिकी दांपत्यानं दाखवून दिलं होतं, की माणूस बाहेरची एखादी गोष्ट टिपायला एकाग्र होतो तेव्हा त्याचे ठोके मंदावतात आणि तो मनातल्या मनात गणितं करू लागला की वाढतात. गुणफलकाकडे बघून ‘आता १०.४ मारला तर तिसरा, ९.८ लागला तर चौथा’ असा हिशोब करणं म्हणजे हृदयाला टाच मारणंच. स्वप्नीलनं आपण गुणफलकाकडे पाहिलंच नाही असं सांगितलं, ते या दृष्टीनं फार शहाणपणाचं होतं.

मेंदूतही तेच दिसतं. ब्रॅड हॅटफिल्ड आणि डॅनियल लँडर्स यांच्या गटानं १९८४ मध्ये रायफल नेमबाजांचे मेंदूलेख प्रसिद्ध केले. ट्रिगर दाबण्याच्या आधीच्या सेकंदांत डाव्या कानशिलाजवळच्या भागात अल्फा लहरी वाढत होत्या. अल्फा वाढणं म्हणजे तो भाग निवांत होणं. भाषेशी आणि स्वतःशी चाललेल्या बोलण्याशी याच भागाचा मोठा संबंध आहे. म्हणजे उत्तम गोळी सुटते तेव्हा डोक्यातली बडबड थांबत आलेली असते. ‘मी जिंकणारच, मी जिंकणारच’ असा जप करायला सांगणाऱ्या सकारात्मक विचारांच्या शिबिरांनी हा आलेख भिंतीवर लावावा. मानसशास्त्रज्ञ सिअॅन बायलॉक यांनी फुटबॉलपटूंना चेंडू नेताना पावलाच्या कुठल्या बाजूनं तो लागतोय याकडे लक्ष द्यायला सांगितलं, तेव्हा कसलेले खेळाडू बिघडले आणि नवखे मात्र बिघडले नाहीत. अंगवळणी पडलेल्या हालचालीत जाणीवपूर्वक हात घातला की तिची लय मोडते. स्वप्नीलच्या ‘वेगळं काही करायला गेलो नाही’ याचं महत्त्व इथे कळतं.

या क्षेत्रात भोंदूगिरीही भरपूर आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एकाग्रतेच्या नावाखाली मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’चे वर्ग आपल्या शहरांत जोरात चालले. मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी दाखवून दिलं, तरी पालक हजारो रुपये मोजतच राहिले. लकी रुमाल आणि अंगठ्यांचंही तसंच. नेमबाज प्रत्येक गोळीआधी पाळतो तो ठरलेला क्रम वरवर पाहता कर्मकांडासारखा वाटतो, पण त्यातली प्रत्येक पायरी शरीरात मोजता येणारं काहीतरी करते. अंगठी करत नाही.

त्या क्रमातली एक पायरी गळली तर काय होतं, हे अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सला विचारावं. २००४ च्या अथेन्समध्ये, स्वप्नीलच्याच प्रकारात, शेवटच्या गोळीआधी तो तीन गुणांनी पुढे होता. एरवी तो आधी लक्ष्याच्या वरचा क्रमांक पाहून मग खाली येई. त्या दिवशी स्वतःला शांत करण्याच्या नादात ते राहिलं आणि त्यानं शेजाऱ्याच्या लक्ष्यावर गोळी झाडली. शून्य गुण, थेट आठवा. चार वर्षांनी बीजिंगमध्ये पुन्हा तो शेवटच्या गोळीला आघाडीवर होता, सात गुणही पुरे होते. नेम वरून खाली आणतानाच थरथरत्या बोटाचा ट्रिगरला धक्का लागला. ४.४ गुण, आणि चौथं स्थान. २०१२ मध्ये लंडनला शेवटच्या गोळीला ७.६ मिळून तो दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आला. हा माणूस मनानं कमकुवत होता असं मी म्हणणार नाही. तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णाच्या किंवा रौप्याच्या जागेवरून शेवटची गोळी झाडायची पाळी किती जणांवर येते? उलट बीजिंगमध्येच अभिनव बिंद्रा फिनलंडच्या हेन्री हॅक्किनेनशी बरोबरीत असताना शेवटच्या गोळीला १०.८ मारून गेला, हॅक्किनेनला ९.७ मिळाले. अथेन्सच्या अंतिम फेरीत हाच बिंद्रा सातवा आला होता.

या कौशल्याचा सराव करता येतो आणि त्याला महागडं काही लागत नाही. जिना चढून-उतरून ठोके १२० वर न्यायचे, लगेच रायफल खांद्याला लावायची आणि ड्राय फायरिंग करायचं, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबायचा. आजूबाजूला मुद्दाम गोंगाट करायचा. श्वास कधी थांबतो, बोट कधी हलतं, ते मोजायचं. छातीला बांधायचा नाडीमापक पट्टा आता दोन-तीन हजारांत मिळतो. आपल्याकडच्या बऱ्याच रेंजवर मुलांच्या सराववहीत फक्त गुण लिहिले जातात. प्रशिक्षकांनी त्याच ओळीत गोळीच्या वेळचे ठोकेही लिहायला सुरुवात करावी. सहा महिन्यांच्या नोंदींवरून प्रत्येक मुलाचा नेम नेमका किती ठोक्यांच्या पुढे ढळू लागतो, ते दिसू लागेल आणि सराव तिथूनच आखता येईल.