मणक्यातला 'गॅप' आणि दबलेला मणका

इंदूरच्या लोकमान्य नगरात माझी आत्या राहते. वय 68, साखर गेली 17 वर्षं. तिच्याकडे नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात, त्यामुळे नळाच्या दिवशी घरात असतील तेवढी भांडी भरून ठेवायची. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी तिनं भरलेली बादली उचलली आणि पाठीत उसण भरल्यासारखी कळ आली. "गॅप आहे तो, जुनाच," हे निदान तिनंच करून टाकलं. मग तेल, शेक, पट्टा. शेजारणीनं नातवाकडून पाठ तुडवून घ्यायला सांगितलं होतं. आत्यानं ते मनावर घेतलं नाही म्हणून बरं. तीन आठवड्यांनी एक्स-रे निघाला. कमरेत गॅप होताच, पण दुखत होतं ते त्याच्या बरंच वर. छातीच्या मणक्यांपैकी शेवटचा, बारावा मणका पुढून दबला होता.

आपल्याकडे पाठीच्या प्रत्येक दुखण्याला 'गॅप' म्हणतात. शब्दच उलटा आहे खरं तर. दोन मणक्यांमधली चकती वयाबरोबर सुकते, चपटी होते आणि मधली जागा कमी होते; म्हणजे गॅप येत नाही, असलेला जातो. मग मणक्यांच्या कडांना हाड वाढतं. ही झीज पन्नाशीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, पाठ दुखत असो वा नसो. दुखलीच तर बहुधा खाली, कमरेत; कधी कळ पायात उतरते, आणि दुखणं वर्षानुवर्षं कमीजास्त होत राहतं.

दबलेल्या मणक्यात चकतीचा काही संबंध नाही. तिथे हाडच मोडलेलं असतं. मणका पुढच्या बाजूनं खचतो आणि बाजूनं पाहिलं तर चौकोनाची पाचर झालेली दिसते. छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात त्या सांध्यावर हे जास्त घडतं. दुखणं एखाद्या दिवशी अचानक सुरू होतं, उभं राहिलं की वाढतं, आडवं पडलं की उतरतं. पण दुखेलच असंही नाही. अशा तीन मोडींपैकी साधारण दोन त्या वेळी कुणाच्या लक्षातच येत नाहीत. आत्याच्या साडीच्या निऱ्या वर्षभर जमिनीला लागत होत्या, वरच्या फळीवरचा जिरावण मसाल्याचा डबा हाताला येईनासा झाला होता, आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं. तरुणपणच्या उंचीतून चार सेंटीमीटर गेले असतील तर मणके तपासायला हवेत.

आता साखरेचं. हाडांची घनता डेक्सा स्कॅननं मोजतात आणि निकाल टी-स्कोअरमध्ये, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणाऱ्या आकड्यात येतो, उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. गंमत अशी की टाइप 2 मधुमेहात हा आकडा बऱ्याचदा चांगला येतो, कधी इतरांपेक्षाही चांगला, आणि तरी हाडं मोडतात. संक्रांतीची चिक्की आठवा. दाणे तेवढेच, पण पाक कडक झाला की वडी वाकत नाही, तुटते. रक्तातली जादा साखर हाडातल्या कोलॅजनच्या धाग्यांना चिकटून त्यांना असंच कडक करते. शिवाय जुनं हाड काढून नवं घालायचं काम मंदावतं. डेक्सा दाणे मोजतो. पाक किती कडक झालाय ते त्याला दिसत नाही.

2011 साली अमेरिकेतल्या वयस्कर लोकांच्या तीन मोठ्या पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा खुब्याच्या मोडीबाबत हेच दिसलं: टी-स्कोअर सारखाच असताना मधुमेहींचा धोका जास्त, जणू त्यांचा आकडा अर्ध्या अंकानं खालचा धरावा. मणक्यांचं चित्र थोडं गुंतागुंतीचं आहे. जुन्या, आधीच झालेल्या मोडी मधुमेहींत जास्त सापडतातच असं नाही, पण पुढे नवी मोड होण्याचा धोका वाढलेला असतो. आणि साखर आहे, त्यात एक मणका दबलेला आहे, अशांची इतर हाडंही मोडण्याची शक्यता आणखी जास्त. टाइप 1 मध्ये घनताही कमी असते, तिथे आकडा एवढा फसवत नाही.

भरीला पडण्याची भीती. पाय बधिर, नजर अधू, पहाटे साखर उतरून चक्कर. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी, विशेषतः बायकांमध्ये, हाडांना जड जाते. चालू असेल तर डॉक्टरांशी बोला, आपल्या मनानं बंद करू नका.

आणि सगळ्यात मोठी फसगत इथेच आहे. कमरेच्या मणक्यांभोवती झिजेमुळे वाढलेलं हाड डेक्सा खऱ्या घनतेतच धरतो. मधुमेहींमध्ये अशी हाडवाढ जास्त, म्हणून आकडा आणखी फुगतो. आत्याचा रिपोर्ट माझ्याकडे आहे: कंबर उणे 0.8, खुबा उणे 2.1. पहिला आकडा वाचून घरात सगळे निश्चिंत झाले होते. ज्या गॅपवर सगळं दुखणं ढकललं जात होतं, त्यानंच आकडाही गोड केला होता.

उपचार वेगळे, म्हणून हा घोळ महागात पडतो. गॅपवाल्यांना कधी पुढे वाकायचे व्यायाम देतात; दबलेल्या मणक्यावर तेच नेमकं टाळायचं असतं. मालिश, तुडवणं तर नकोच. गॅपला व्यायाम आणि वजन सांभाळणं बहुधा पुरतं, मोडीनंतर मात्र हाडं बळकट करायची औषधं लागतात. पायातली ताकद जाऊ लागली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा पाठदुखीबरोबर ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मधुमेहात मणक्याला जंतुसंसर्गही होतो.

एक्स-रे काढायला गेलात तर नुसत्या कमरेचा काढून परत येऊ नका. बाजूनं घेतलेला हवा, आणि छातीच्या मणक्यांचाही. आत्याचा पहिला फोटो नुसत्या कमरेचा निघाला होता, बारावा मणका त्याच्या वरच्या काठावर अर्धाच आला होता.