परफॉर्मन्स कार : थंडीतील आवाज व चाल (नाशिक परिसर)

ताकदीचे इंजिन, कडक सस्पेन्शन आणि रुंद टायर असलेल्या गाडीचा आवाज व चाल पारा उतरल्यावर बदलते. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत हा बदल ठळक जाणवतो, कारण पहाटे ८-१० अंश आणि दुपारी २८-३०, एवढी तफावत एकाच दिवसात पडते. निफाडला तर पारा काही पहाटे ५ अंशांखाली जातो.

रात्रभर उघड्यावर राहिलेली गाडी सुरू केली की इंजिन १२००-१५०० आरपीएमवर घुमते. हा बिघाड नव्हे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) लवकर तापावा म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, आरपीएम वाढवतो आणि ठिणगी मुद्दाम उशिरा टाकतो. सायलेन्सर घोगरा होतो तो त्यामुळे. सोबतची टकटक, गॅरेजच्या भाषेत ‘टॅपेट वाजतंय’, बहुधा घट्ट झालेले ऑइल इंजिनच्या वरच्या भागात पोचायला वेळ लागल्याने येते. फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून ते मुळात थोडे सैल बसवलेले असतात आणि गार असताना बोथट खटखटतात. इंजिन तापल्यावर विरणारा आवाज सहसा चिंतेचा नसतो. शंका असेल तर गाडी रात्रभर मेकॅनिककडेच ठेवावी. दुपारी नेलेली गाडी त्याच्यासमोर हमखास गप्प बसते.

हाच आवाज पहाटे दूरवर जातो. द्राक्षबागा वाचवायला पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर वर न चढता वेलींवर आडवा पसरतो, तेव्हा जमिनीलगत गार आणि वर उबदार हवा असते. अशी हवा आवाजालाही खाली वळवते. शेजाऱ्यांच्या तक्रारीत तथ्य असते ते असे.

गार हवा दाट असते : ३५ अंशांच्या तुलनेत ५ अंशांना तेवढ्याच जागेत सुमारे १० टक्के जास्त हवा मावते. टर्बो इंजिनात नॉकिंगची (इंधन अवेळी पेटून होणाऱ्या ठोक्यांची) भीती घटते, उन्हाळ्यात मागे ओढलेले ठिणगीचे टायमिंग परत मिळते. मुंबईहून पहाटे कसारा घाट चढताना पिकअप चांगला लागतो तो भास नाही.

टायरचे मात्र उलटे. दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा उतरते, म्हणजे दुपारी ३३ भरलेला टायर पहाटे ३० च्या आसपास येतो. उन्हाळी रबर ७ अंशांच्या आसपास कडक होऊन पकड सोडू लागते. इंजिन जोमात आणि टायर गारठलेले, ही जोडी पहिल्या वळणावरच उघडी पडते.

बाकी किरकोळ : दुसरा गिअर अडतो, सस्पेन्शनचे रबरी बुश कुरकुरतात, दवाने गंजलेल्या डिस्क पहिल्या दोन-तीन ब्रेकना खरखरतात.

डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचा असतो. त्र्यंबक रस्त्याने निघालेल्या गाडीत तो सातपूरच्या आसपास मधोमध आला, तरी ऑइल तापण्यात अजून मागेच असते. जाणकार आणखी पाच-सात किलोमीटर हलक्या पायानेच चालवतात.