रूट कॅनाल केलेला दात ‘मेलेला’ असतो का?

‘रूट कॅनाल केलेला दात मेलेलाच, त्यापेक्षा काढून इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवलेला कृत्रिम दात) बसवा,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. पटतंही, कारण नस खरोखरच काढलेली असते. पण दात नसेच्या आधारावर उभा नसतो. त्याला मुळाभोवतीचे तंतू धरून ठेवतात. ते जिवंतच राहतात, म्हणून तर भातातला खडा त्या दातालाही कळतो. इम्प्लांटला हे तंतू नसतात, आणि तो हाडात रुजायला साधारण ३ ते ६ महिने लागतात.

मूळ उभं चिरलं असेल किंवा हिरडीवर दात फारसा उरलाच नसेल, तर मात्र काढणंच बरं. एक्स-रे समोर ठेवून डॉक्टरांना विचारा: मूळ शाबूत आहे का? कॅप धरायला दात पुरेसा आहे का? (बारीक चीर एक्स-रेत कधीकधी दिसत नाही, तीही तपासायला सांगा.)