कपाट दिलं, कार्बन किती वाचला?

घराचं काम काढलं की सगळ्यात आधी अडगळ ठरतं ते लोखंडी कपाट. भिंतीत सरकत्या दारांची नवी कपाटं बसतात आणि आईच्या लग्नातलं, दाराला आरसा असलेलं कपाट जिन्याखाली जाऊन उभं राहतं. समजा, पुण्यातल्या एका कुटुंबानं ते साताऱ्यातल्या ओळखीच्या घरी देऊन टाकलं. कार्बन किती वाचला?

सोपं उत्तर वजनकाट्यावर मिळतं. कपाट 70 किलोचं धरू. भारतात एक किलो पोलाद तयार होताना सरासरी अडीच किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गुणाकार केला की 175 किलो. झालं!

हा आकडा खोटा नाही, पण तो कपाटाचा आहे, बचतीचा नाही. बचत ही वजाबाकी असते: कपाट दिलं नसतं तर जे घडलं असतं, त्यातून प्रत्यक्षात घडलं ते वजा. आता यातली पहिली गोष्ट कधी घडतच नाही, त्यामुळे ती मोजता येत नाही, अंदाजावी लागते. या विषयातली सगळी भांडणं त्या एका ‘नाहीतर’वरून आहेत.

नाहीतर कपाट कुठे गेलं असतं? लाकडी टेबल किंवा गादी कचरा डेपोत गाडली गेली, तर ती हवेविना कुजते आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट हवा तापवतो. तिथे वस्तू वाचवली की हा मिथेनही वाचतो. पण लोखंडी कपाट आपल्याकडे डेपोपर्यंत पोचतच नाही. दारावर भंगारवाला येतो, काटा लावतो, आणि ते भट्टीत वितळून पुन्हा पोलाद होतं. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबानं एक टन भंगार वापरलं की सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड टळतो. म्हणजे साताऱ्यातल्या घरानं नाहीतर विकत घेतलं असतं ते नवं कपाटसुद्धा आयुष्याच्या शेवटी 105 किलो परत देणारच. 175 मधून ते वजा केले, उरले 70.

पुढचा प्रश्न जास्त अवघड. ज्यांना कपाट मिळालं, त्यांनी नाहीतर नवं घेतलं असतं का? फरांट आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी जुन्या कपड्यांबद्दल नेमकं हेच साधारण 200 ग्राहकांच्या माहितीवरून तपासलं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा अंदाज असा, की 100 जुने कपडे विकत घेतले गेले तर 60 ते 85 नव्या कपड्यांची खरेदी टळते. नेमका आकडा ते कुठे वापरले जातात त्यावर ठरतो. शंभराला शंभर कुठेच नाही. स्वस्तात मिळालं म्हणून माणूस एखादा जास्तीचाही घेतो. आणि हे विकतच्या कपड्यांबद्दल. फुकट मिळणाऱ्या वस्तूला नाही म्हणणं तर आणखी कठीण.

कपाटालाही उदाहरणापुरतं साठ टक्के लावू. 70 चे झाले 42.

आता टेम्पो. पुणे ते सातारा सुमारे 110 किलोमीटर, आणि परतताना गाडी रिकामी. लिटरला 15 किलोमीटर धरले तर जवळपास 15 लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळताना 2.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे 40 किलो. 42 वजा 40. दोन किलो उरले! तेच कपाट पाच किलोमीटरवरच्या वस्तीत गेलं असतं, तर टेम्पोचे जेमतेम दोन किलो जाऊन चाळीस उरले असते. साताऱ्याला निघालेल्या कुणाच्या भरलेल्या टेम्पोत ते चढवलं, तरी हिशेब असाच सुधारतो.

विजेवर चालणाऱ्या वस्तूंचा हिशेब उलटाही फिरू शकतो. जुना फ्रिज वर्षाला 500 युनिट खात असेल आणि नवा 200, तर फरक 300 युनिटांचा. भारतातल्या एका युनिट विजेमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे दरवर्षी 210 किलो जादा. असा फ्रिज अजून दहा वर्षं चालवणं हवामानाच्या दृष्टीनं फायद्याचं नाही. मात्र तो कधीच फ्रिज नसलेल्या घरी गेला, तर कार्बनच्या वहीत सरळ वाढ दिसेल, आणि त्या घरात पहिल्यांदाच दूध दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकेल. वहीत दुधाचा रकाना नसतो. माझ्या मते ही चूक वहीची, त्या घराची नव्हे.

कपड्यांचं गणित आपल्याकडे वेगळं बसतं. गरम पाण्याचं मशीन आणि विजेवरचा ड्रायर वापरणाऱ्या देशांत शर्टाच्या आयुष्यातला बराच कार्बन धुण्या-वाळवण्यात जातो. आपण गार पाण्यात धुतो आणि दोरीवर वाळत घालतो, त्यामुळे कार्बनचा मोठा वाटा कापूस, सूत, विणकाम आणि रंगाईतच असतो. म्हणून नव्या शर्टाची खरेदी टळणं आपल्याकडे प्रमाणानं जास्त मोलाचं.

या हिशेबात बोहारणीला कुठे बसवायचं, हे मात्र मला अजून नीट जमलेलं नाही. तिनं नेलेल्या साड्या पुन्हा कुणीतरी नेसतं, ती बचत. पण त्यांच्या बदल्यात घासाघीस करून आजीनं मिळवलेलं स्टीलचं पातेलं नवं कोरं असायचं. ते घरात हवंच होतं का, की साड्या होत्या म्हणून आलं? आजीला विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, हवंच होतं.