मान्ना नेमका कशाचा? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

बायबलवरचा अलीकडचा कुठलाही टीपाग्रंथ उघडा, मान्नाच्या नोंदीत झाऊचे झाड आणि त्यावरचा किडा हमखास भेटतो. मोशेबरोबर इजिप्तमधून सुटलेल्या इस्राएल लोकांना सिनाय द्वीपकल्पाच्या रानात देवाने आकाशातून पुरवलेले अन्न म्हणजे मान्ना, अशी बायबलची कथा; ते अन्न म्हणजे प्रत्यक्षात या किड्याने टाकलेला गोड स्राव, असा निर्वाळा तिथे दिलेला असतो. तो आता इतका सरावाचा झाला आहे की कधी ठरला आणि त्यात काय बसत नाही, हे फारसे कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात या उत्तराचे वय दोनशे वर्षे, आणि आजच्या रूपात तर जेमतेम शंभर.

कथा सांगत बसायला नको. पण तिच्यातली दोन वर्णने शेजारी ठेवून वाचावीत. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात दव उडून गेल्यावर जमिनीवर हिमकणांसारखे बारीक काहीतरी उरते. ते धण्यासारखे, पांढरे, चवीला मध घातलेल्या पोळीसारखे. ऊन चढले की वितळते, रात्रभर ठेवले की किडे पडून घाण येते. ‘गणना’ या पुढच्या एका पुस्तकाच्या ११व्या अध्यायात मात्र लोक तेच जात्यात दळतात, उखळात कुटतात, भांड्यात शिजवतात, त्याच्या भाकरी करतात आणि चव तेलाची लागते. उन्हात वितळणारी वस्तू दळण म्हणून कशी वापरणार? ग्रंथाच्या घडणीचा अभ्यास करणारे म्हणतात की ही दोन वेगळ्या परंपरांची वर्णने आहेत आणि संकलकाने ती एकत्र केली. हे मत पटो न पटो, पुढच्या सगळ्या शोधाची गोम इथेच आहे. ज्याला चीक हवा त्याने निर्गम उचलला, ज्याला धान्य हवे त्याने गणना.

प्राचीन काळी हा प्रश्न असा पडतच नव्हता. पहिल्या शतकातल्या एका यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवले की त्या प्रदेशात आजही हे आकाशातून पडते. तलमूद या यहुदी धर्मचर्चांच्या ग्रंथातल्या पंडितांचा वाद वेगळाच होता. बायबलच्या स्तोत्रसंहितेत मान्नाला बलवानांचे, म्हणजे देवदूतांचे अन्न म्हटले आहे, तर देवदूत जेवतात का? एकाने होय म्हटले. दुसऱ्याने ‘बलवान’ या हिब्रू शब्दाच्याच अक्षरांतून ‘अवयव’ असा अर्थ काढला आणि सांगितले की हे अन्न शरीराच्या सगळ्या अवयवांत जिरून जाई, मागे मळ उरत नसे. कुराणात ‘मन्न’ आणि ‘सल्वा’ ही जोडी तीन ठिकाणी येते. सल्वा म्हणजे निर्गमात मान्नाबरोबर येणारेच लावे पक्षी.

मग वाळवंटात यात्रेकरू येऊ लागले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस सिनायच्या मठापर्यंत गेलेल्या एका जर्मन यात्रेकरूच्या वृत्तांतात मठवासी आणि अरब हा मान्ना गोळा करून परदेशी पाहुण्यांना विकतात, असा उल्लेख आहे. १८१६ मध्ये तिथून गेलेल्या एका स्विस प्रवाशाची नोंद सगळ्यांत तपशीलवार आहे. जूनमध्ये झाऊच्या काट्याकुट्यांवरून थेंब खाली पालापाचोळ्यावर पडतात. बदाऊनी, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, ते सूर्य उगवायच्या आत वेचतात, कारण उन्हाने ते विरघळतात. मग उकळून, जाड्याभरड्या कापडातून गाळून कातडी पिशव्यांत भरतात आणि वर्षभर भाकरीला मधासारखे लावून खातात. याच प्रवाशाने आणखी एक आकडा दिला. पाऊसपाणी उत्तम झालेल्या वर्षीही सगळ्या द्वीपकल्पात मिळून पाच-सहाशे पौंडांपेक्षा जास्त निघत नाही.

त्यानंतर काही वर्षांतच आलेल्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञांना झाडावर किडा दिसला. त्यांची समजूत अशी की किडा फांदीला छिद्र पाडतो आणि झाडाचा रस बाहेर ठिबकतो. १९२७ मध्ये यरुशलेमच्या विद्यापीठातून गेलेल्या मोहिमेने हे खोडून काढले. रस झाडातून थेट येत नाही, तो किड्याच्या शरीरातून येतो. झाऊच्या रसात साखर भरपूर, नत्र अगदी थोडे. वाढीपुरते नत्र मिळवायला किड्याला रस भरमसाट शोषावा लागतो आणि नको असलेली साखर तो थेंबांनी बाहेर टाकतो. कोरड्या हवेत थेंब सुकून पांढरट, चिकट कण होतात. यातला मुख्य किडा पिठ्या ढेकणाच्याच कुळातला. ज्वारीवर मावा येतो आणि पाने चकाकू लागतात, तेव्हा आपला शेतकरी ‘चिकटा पडला’ म्हणतो, तीच ही क्रिया. ‘किडे पडले’ याचाही उलगडा मोहिमेने केला. सकाळी ऊब आली की मुंग्या बाहेर पडतात आणि कण उचलून नेतात.

उलगडा देखणा आहे, यात वाद नाही. पण वर्तमानपत्रांनी आणि मग प्रवचनकारांनी त्यावर ‘मान्नाचे रहस्य उलगडले’ असा शिक्का मारला, तो घाईचा होता. निर्गम म्हणतो, माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटर. नुसते पुरुष सहा लाख, असा आकडा त्याच ग्रंथात आहे. दिवसाला बारा लाख लिटर हवे तिथे वर्षाला पाच-सहाशे पौंड. सहा लाख ही अतिशयोक्ती धरून हजारांवर आणले तरी हिशेब जमत नाही. किडा उन्हाळ्याचे काही आठवडेच देतो, कथेत चाळीस वर्षे खंड नाही. त्यात प्रथिने जवळजवळ नाहीत. शिवाय गणनेतली जाती आणि उखळी आहेतच.

सर्वांत लंगडा पुरावा नावाचा. बदाऊनी त्या चिकाला ‘मन्न’ म्हणतात, म्हणजे नाव हजारो वर्षे टिकले, असे ठासून सांगितले जाते. पण बदाऊनी कुराण ऐकत आलेले आणि शेजारी यात्रेकरूंना मान्ना विकणारा मठ. ग्रंथातले नाव उलट झाडावरच्या चिकाला चिकटले असण्याची शक्यता जास्त.

आणि ते नुसते झाऊलाच चिकटले नाही. दगडफूल असते तशा एका बुरशी-शेवाळाचे तुकडे वाऱ्याने उडून इराण-तुर्कस्तानात अधूनमधून जमिनीवर पसरतात, त्यांनाही मान्ना म्हटले गेले. ते दळता येतात म्हणून गणनावाल्यांना पसंत, पण सिनायमध्ये त्यांचा पत्ता नाही. सिसिलीत एका जातीच्या ॲश झाडाच्या सालीला चरे पाडून काढलेला चीक मान्ना म्हणूनच विकला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातून वेगळ्या केलेल्या गोड पदार्थाचे नाव मॅनिटॉल. मेंदूवरचा दाब उतरवायला दवाखान्यात जी बाटली लावतात, ती त्याचीच. युनानी औषधांच्या दुकानात मिळणारे तुरंजबीन आणि शीरखिश्त हेही याच गोतातले, इराणी बाजूचे. यांतल्या कशाचाही मोशेशी संबंध जोडता येत नाही, तरी परिचयपर लेखांत हे सगळे एका दमात येते.

माझ्या मते या शोधात कथेचा मोठा भाग बाजूला पडला. १६व्या अध्यायात वस्तूच्या वर्णनाला दोन-चार ओळी आहेत, बाकी अध्याय वाटपाच्या नियमांचा. ज्याने जास्त वेचले त्याचे उरले नाही, ज्याने कमी वेचले त्याला कमी पडले नाही. साठवायचे नाही. सहाव्या दिवशी दुप्पट, सातव्या दिवशी काही नाही, आणि तरीही काही जण वेचायला बाहेर पडून रिकाम्या हाताने परततात. दहा आज्ञा अजून चार अध्याय पुढे आहेत. लोकांना शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा, पाळायला पहिल्यांदा सांगितले जाते ते इथे, अन्नाच्या निमित्ताने. यहुदी घरांत शब्बाथच्या जेवणाला दोन भाकरी मांडतात त्या या दुप्पट वाट्याच्या आठवणीने. कोकणात बेने इस्राएली, म्हणजे तिथले यहुदी, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत आणि गाव त्यांना शनवार तेली म्हणे. ती शिस्तही इथूनच सुरू होते.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागात, वाद पुन्हा पेटतो, पण वस्तूवरून नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात येशूने पाच हजारांना जेवू घातल्यानंतर लोक त्याच्याकडे मोशेसारखे चिन्ह, म्हणजे चमत्कार, मागतात. तुमच्या पूर्वजांनी रानात मान्ना खाल्ला तरी ते मेले, असे तो सुनावतो आणि जीवनाची भाकर मीच असे सांगतो. कफर्णहूम गावच्या यहुदी सभास्थानातले हे बोलणे ऐकून ‘हे वचन कठीण आहे’ म्हणत त्याच्या शिष्यांपैकीही पुष्कळ जण त्याला सोडून गेले.